दाढी मुरेपर्यंत

बाबा, आज सकाळी मी यांची दाढी केली. तुम्ही असते तर आधी हसले असते आणि मग विचारलं असतं, काहून वं, वणीत सलून नाही का? आहेत, बाबा. आमच्या गल्लीच्या तोंडावरच दोन आहेत, मोठमोठ्या आरशांची. पोरं तिथं दाढीला कमी आणि फोटो काढायला जास्त जातात. पण यांची दाढी आता मीच करते, बुधवारी आणि रविवारी, आणि दर वेळी तुम्हाला काहीतरी विचारायचं मनात येतं नि राहून जातं. आज ब्रश धुऊन खिडकीत उभा केला, यांना चहा पाजला आणि म्हटलं, आता बसून लिहूनच टाकू. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नाही. तुमचा गाल मात्र आठवतो, आणि कामाचा तोच आहे.

नेरला तुम्ही जिनिंगात मशीनवर होते. सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे, आणि मधल्यामधे जी बारीक उडायची ती सगळी तुमच्या अंगावर. संध्याकाळी दारात उभे राहिले की भुवया पांढऱ्या, कानातले केस पांढरे, आणि गालावर एका दिवसाची खुंटं असली तरी त्यांच्यात रुई अशी अडकलेली की हातानं निघायची नाही. म्हणून तुम्ही रोज दाढी करायचे. बाकीचे लोक बाजाराच्या दिवशी एकदा करायचे आणि आठवडाभर तोंडावर कापूस वागवत फिरायचे. तुम्हाला ते खपायचं नाही. कापूस गाडीत भरावा, थोबाडावर कायले, असं तुम्ही म्हणायचे आणि शेजारच्या काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे, कारण मशीनच्या आवाजानं तुमचे कान बसले होते आणि तुम्हाला वाटायचं सगळ्या जगाचेच बसले आहेत.

तुमची दाढी म्हणजे सोहळा होता. सकाळी खाटेवर बसायचं, खिडकीच्या गजाला आरसा टेकवायचा, आणि सगळ्यात आधी खांद्यावरचा कोरडा दुपट्टा. खालून वर, मग वरून खाली, गाल लाल होईपर्यंत. रात्री तोंड धुतलेलं असलं तरी चुकारीची रुई खुंटांच्या मुळाशी राहतेच आणि तिला आधी पाणी लागलं तर तिचा लगदा होतो, ब्लेड त्यात अडकते आणि मग गालाचं काय होतं ते तुमच्या हनुवटीखालच्या व्रणावरून आम्हाला ठाऊक होतं. कोरडं झालं की आई चुलीवरचं पाणी गडव्यात आणून ठेवायची. त्याच्या वाफेवर तुम्ही तोंड धरायचे, मग दुपट्ट्याचा कोपरा त्यात बुडवून, पिळून, गालावर दाबून धरायचे. गार झाला की पुन्हा. मग कुठं साबणाची वाटी. ब्रश गोल गोल, गोल गोल, घाई नाही, डोळ्यांच्या खालपासून गळ्याच्या घाटीपर्यंत पांढरं. आणि मग ब्रश हातात धरून तुम्ही नुसतेच बसून राहायचे. दाढी मुरू देत आहे म्हणायचे. आई म्हणायची, लोणचं हाये का जी ते? आणि कधी वैतागली की म्हणायची, या घरात पाणी कुठं मुरते ते मले बरोबर मालूम आहे.

पण सगळ्यात जास्त फायदा त्या मुरण्याचा आईनंच करून घेतला. फेस लागल्यावर तुम्हाला बोलता येत नसे. तोंड उघडलं की साबण आत. एरवी तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं, आणि अर्धं ऐकून तुम्ही पूर्ण भडकायचे. फेसात मात्र तुम्ही ऐकायचे. म्हणून घरातली सगळी अवघड बोलणी तेव्हाच व्हायची. तेल संपलं, मामा मुक्कामी येणार आहे, धाकटा गणितात नापास झाला, छपरातून पुन्हा गळतंय. आई गडव्याच्या निमित्तानं तिथंच घुटमळायची आणि एकेक सोडायची. तुम्ही ब्रश आडवा हलवला की नाही. डोळे मिटले की हो. ब्रश वर धरला की थांब, पाहू. धाकट्याच्या गणिताला ब्रश इतक्या जोरात हलला की फेस आरशावर उडाला आणि आई तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाली. आम्ही भावंडंही तेच शिकलो. कोणाला सहलीला जायचं असलं, कोणाची चप्पल तुटली असली की विचारायचो, बाबाले फेस लागला का? शेजारणी हसायच्या. दुसऱ्या कोणत्या घरात बापाला साबण लागण्याची वाट पाहतात, सांगा.

यवतमाळला बारावीला जायचं मी तुम्हाला फेसातच विचारलं होतं. तुम्ही डोळे मिटले ते बराच वेळ मिटूनच ठेवले. मला वाटलं झोप लागली. मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्या दिवशी मी शाळेत जाईपर्यंत रस्त्यानं हसत गेले.

म्हणून वणीच्या स्थळाचं मी तिथंच बोलले. मुलगा कोळशाचा ट्रक चालवतो, स्वतःचा घ्यायच्या विचारात आहे, व्यसन नाही, घर पक्कं. सगळं ठरल्यात जमा होतं, आईनं लग्नाची डाळ निवडायलाही घेतली होती. मी तुमच्या मागे जाऊन उभी राहिले, आरशात नुसते तुमचे डोळे दिसत होते, आणि म्हटलं की मला हे लग्न करायचं नाही. मला आणखी शिकायचं आहे. तुम्ही ब्रश हलवला नाही. डोळेही मिटले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि सगळा फेस पुसून टाकला, कानामागचासुद्धा. दाढी तशीच राहिली. तुम्ही वळून म्हणाले, "फेसाआडून कायले बोलतं? बोलाचं असन त तोंडावर बोल." आणि शर्ट अडकवून कामावर गेले.

संध्याकाळी तुम्ही आले तेव्हा सकाळची दाढी राहिल्यामुळे तुमच्या तोंडभर दाट रुई होती. इतकी मी तुमच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. माझ्यासमोर खाटेवर बसले, हात गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाले, बोल आता. रागानं नाही बोलले, हे मी आजही कबूल करते. तुम्ही खरंच ऐकायला बसले होते. पण बाबा, मला तुमच्या तोंडावर बोलायची सवय तुम्ही लावलीच कुठं होती? आठ वर्षांची असल्यापासून मी फेसाशी बोलत आले. तुमचे कान, तुमचा आवाज, तो चढला की घरात जे व्हायचं ते, सगळं एका बाजूला आणि मी एका बाजूला. मी म्हटलं, काही नाही. तुम्ही गुडघ्यावरचे हात उचलले आणि म्हणाले, मंग पक्कं समजू? मी मान हलवली. या गोष्टीचा मला तुमच्यावर राग आहे. इतकी वर्षं झाली, पोरीचं लग्न करून दिलं, तरी आहे. तो जावा असं मला फार वाटतही नाही, कारण तो गेला तर तुमच्याशी बोलायला मग उरतं काय.

तर यांच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता, तुम्ही बरोबर पारखलं होतं. खाणीवरून कोळसा भरायचा, चंद्रपूरला रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. अंगावर कोळसा, नखांत कोळसा, उशीच्या खोळीवर डोक्याच्या आकाराचा कोळसा. नेरला आईनं आयुष्यभर रुई झटकली, इथं मी कोळसा धुतला. यांना घरी दाढी करताना मी एकदाही पाहिलं नाही. चंद्रपूरच्या रस्त्याला एका ढाब्याच्या बाजूला टपरीत एक जण दाढी करायचा, त्याच्याकडेच सगळी ड्रायव्हर मंडळी बसायची. दाढी, चहा, दुनियाभरच्या गप्पा. सगळं बोलणं हे तिथं संपवून यायचे. घरात तोंडातून निघायचं ते "वाढ" आणि "झालं". मी आधी वाट पाहायची. मग तीही सवय मोडली. पोरगी होती तोवर तिच्याशी बोलायची, ती नागपूरला नोकरीला गेली, तिकडेच लग्न झालं, मग मी भांड्यांशी बोलू लागले.

तीन पावसाळ्यांमागे यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. कळतं सगळं. बातम्या लावल्या की पाहतात, मीठ जास्त झालं की ताट सरकवतात. पण तोंडातून नुसता एक आवाज येतो, आणि तो यांना स्वतःलाच आवडत नाही, म्हणून तोही काढत नाहीत. लोक पहिल्यांदा खूप आले. यांच्यासमोर बसून यांच्याबद्दल माझ्याशी बोलायचे, जेवतात का, झोपतात का, आणि हे छताकडे पाहात राहायचे. हळूहळू येणं बंद झालं. सकाळी उठवून मी यांना ओसरीतल्या खुर्चीत बसवते. रस्ता समोरच आहे, दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, ते पाहायला यांना आवडतं. आत चला म्हटलं तरी येत नाहीत. असं आमचं चालायचं, बाबा. कधी कधी संध्याकाळी माझ्या लक्षात यायचं की आज दूधवाल्याला "उद्या अर्धा" म्हटलं, त्यापलीकडे मी एक शब्द बोललेली नाही.

दाढी वाढत गेली. सलूनमधला पोरगा मी एकदा घरी बोलावला. चांगला होता बिचारा, पण यांना बहिरं समजून कानाशी ओरडला, "काका, गाल फुगवा!" यांचा उजवा गाल फुगतच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, स्वतः फुगवून दाखवला. यांनी डाव्या हातानं पाण्याची वाटी अशी भिरकावली की ती तुळशीपर्यंत गेली. त्यानंतर कोणाला तोंडाला हात लावू देईनात. मलाही नाही. मी जवळ गेले की मान भिंतीकडे. उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती दाढीत उतरायची, वर रस्त्याची काळी धूळ बसायची, आणि आत कातडी सडत चालली. वास यायला लागला. दिवाळीत पोरगी आली, तिनं दाढी बाजूला करून पाहिलं आणि हुंदकाच दिला. खालचं सगळं लाल, दोन ठिकाणी चिघळलेलं. डॉक्टर म्हणाले, दाढी काढल्याशिवाय मलम लागणार नाही आणि जखम आणखी पसरू द्यायची नाही.

जाताना ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. नागपूरला तिच्या घराजवळ एक जागा आहे, असे आजारी लोक ठेवतात, अंघोळ, दाढी, खाणं, सगळं त्यांची माणसं पाहतात. तिनं चौकशी करून ठेवली होती. मला तिनं बोल लावला नाही, उलट गळ्यात पडली. म्हणाली, "आई, तुह्यानं नाही होत आता. संक्रांतीले येतो, तवापर्यंत पाहा. नाही झालं त मी बाबाले घेऊन जातो." तूही चल म्हणाली, पण तिचं घर दोन खोल्यांचं, सासूही तिथंच. मी कुठं मावणार? मी हो म्हटलं. बाबा, ती गेल्यावर मी ओसरीत येऊन यांच्या शेजारी उभी राहिले. हे बोलत नाहीत, माझ्याकडे पाहात नाहीत, लाळ पुसू देत नाहीत, पण ती खुर्ची रिकामी झाली तर या घरात मी नेमकं कोणासाठी पोळ्या लाटू? तुम्हीच लावून दिलेला माणूस होता. तो जाऊ द्यायचा नव्हता मला.

मग तुमची दाढी आठवायला बसले. बाजारातून गोल साबणाची वाटी आणली, ब्रश आणला. दुकानदार म्हणत होता काकू, फवाऱ्याचा फेस घ्या, दाबलं की येतो. मी म्हटलं, नको, मला घोटायचाच आहे. आधी कात्रीनं वाढलेली दाढी कापायची होती, ती यांना झोप लागल्यावर थोडी थोडी कापली, चोरून काही न्यावं तशी. खुंटं उरली. मग एका सकाळी गरम पाणी घेतलं, खुर्चीसमोर स्टूल मांडलं आणि तुमच्यासारखीच सुरुवात केली. कोरडा दुपट्टा, खालून वर. तुमच्या हाताचा जोर होता ना माझ्या डोळ्यांसमोर, तसाच जोर लावला.

तिथंच चुकलं. तुमच्या तोंडावर कापूस होता, यांच्या तोंडावर कोळसा. कापूस कोरड्यानं निघतो. कोळसा कोरड्यानं आत जातो. दुपट्टा दोनदा फिरला आणि धुळीचे कण सोललेल्या कातडीत घासले गेले, गालावर काळे-लाल ओरखडे उमटले, आणि यांच्या तोंडून तो आवाज निघाला जो हे कधी काढत नाहीत. डावा हात माझ्या मनगटावर आला. मारला नाही, नुसता धरला, पण असा धरला की बांगडी रुतली. मी सगळं तसंच टाकून आत गेले आणि भिंतीला टेकून रडले, आणि रडताना तुम्हालाच बोलले. जन्मभर नेरचं घेऊन बसले मी, आणि या घरात इतकी वर्षं कोळसा धुऊन मला हे कळू नये?

मग यांचंच आठवलं. कामावरून आले की हे थेट पाण्याखाली जात नसत. आधी खोबरेल तेल मागायचे. मानेला, कानामागे, गालांना तेल चोळून थोडा वेळ ओट्यावर बसायचे, मग फडक्यानं टिपायचे, आणि मग पाणी. फडकं काळं व्हायचं, माणूस उजळायचा. तेल मी स्वतः इतकी वर्षं हातात दिलं होतं, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. ओरखडे भरेपर्यंत थांबले. रोज फक्त जवळ बसायची, हात लावायची नाही. मग एक दिवस तेल कोमट केलं, वाटी यांच्या डाव्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्हीच लावा. यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट बुडवलं. डावा गाल यांनी लावला. उजवीकडे हात पोचेना, तेव्हा वाटी माझ्याकडे धरली. मी उजवा लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाबा, पण यांच्या गालाची हाडं कुठं आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

तेल मुरलं, मऊ फडक्यानं टिपलं, काळं निघालं. पुन्हा तेल, पुन्हा टिपणं. मग गरम पाण्यातला टॉवेल पिळून ठेवला, यांनी डोळे मिटले. मग साबण. जखमेच्या कडेनं हलक्या हातानं, गोल गोल. फेस पुरता चढला, दोन्ही गाल सारखे पांढरे झाले, लोंबलेला कोपरा दिसेनासा झाला, आणि मी ब्रश हातात धरून थांबले. आणि मला एकदम लक्षात आलं की यांना फेस लागला आहे. तुम्हीही असेच गप्प बसायचे. फेस असेपर्यंत कोणताच माणूस बोलत नाही. समोर बसलेला माणूस आजारी राहिलाच नाही, नुसता फेसात बसलेला नवरा झाला, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, तेल संपत आलं हो.

मग काय विचारता. इतक्या दिवसांचं तुंबलेलं. गॅसचा नंबर लावला, शेजारच्यांच्या सुनेला दिवस गेलेत, ओसरीची फरशी उखडली आहे, पोरगी वाळली आहे, तिला विचारलं तर सांगत नाही. हे ऐकत होते. भिंतीकडे मान गेली नाही. मी तुमचं डोळ्यांचं गणित यांना शिकवलं नाही, पण फरशीचं सांगितलं तेव्हा यांच्या भुवया वर गेल्या, म्हणजे किती ठिकाणी? मी सांगितलं, तीन ठिकाणी. ब्लेड फिरवताना एकदा रक्तही आलं, तुरटी लावली. पण झाली दाढी. तेव्हापासून होते आहे. संक्रांतीला पोरगी आली, दारातूनच यांच्या गालाकडे पाहिलं, जवळ येऊन उलट्या हातानं गाल चाचपला, आणि त्या जागेचा विषय न काढता तीळगूळ शोधायला आत गेली. मी ओट्याशी उभी होते. त्या दिवशी पोळ्या जरा जास्तच झाल्या.

आणि आज मी यांना ते सांगितलं, बाबा, जे त्या संध्याकाळी तुमच्या तोंडावर बोलता आलं नव्हतं. ठरवलं नव्हतं. फेस चढला होता, रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती, आणि मी म्हटलं, "मले तुमच्याशी लगन नव्हतं करायचं. मले शिकायचं होतं." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही. मग यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला आणि हवेत पुढे सरकला, तळवा पुढे, दोनदा. आधी मला कळलंच नाही, वाटलं पाणी मागतात. मग कळलं. ट्रकवाले मागच्या गाडीला करतात ना, खिडकीतून हात काढून, रस्ता मोकळा आहे, निघ पुढे. तसं. तू निघायची होतीस, असं म्हणत होते, की आता तरी जा म्हणत होते, की जाऊ दे ते सगळं म्हणत होते, मला ठाऊक नाही, आणि विचारून यांना सांगता येणार नाही. मी हसले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदमच. म्हटलं, आता कुठं जाऊ हो, ब्रश हातात घेऊन?

हा कागद कुठं पाठवायचा हा प्रश्नच नाही. घडी घालून गव्हाच्या डब्याखाली ठेवीन, पोरगी कधी डबा उचलत नाही. तुम्हाला विचारायचं होतं ते एवढंच, की मुरायला खरं किती वेळ लागतो? तुम्ही कधी सांगितलं नाही. पण खोटं कशाला बोलू, बाबा, मला ते कळलेलं आहे. यांची खुंटं लवकर मऊ होतात, बोट फिरवलं की समजतं. तरी मी ब्लेड उचलत नाही. फेस सुकायला लागला की पुन्हा ब्रश भिजवते आणि पुन्हा चढवते. कारण फेस पुसला की हे पुन्हा न बोलणारे होतात.